पोर महत्त्वाचं की कागद?

प्रिय ताई,

मी चौतीस वर्षांची आहे. धायरीला राहते, हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी. तीन दिवस कंपनीच्या बसनं ऑफिसला, दोन दिवस घरून काम. मुलगी साडेतीन वर्षांची आहे. कॉलेजात असताना 'पुरुषोत्तम' करंडकाच्या स्पर्धेसाठी दोन एकांकिका लिहिल्या होत्या, नंतर दोन-तीन कथा छापूनही आल्या. लेखिका व्हायचं हे तेव्हापासून मनात आहे. पण लेक झाल्यापासून एकच कथा हातात आहे आणि ती चार पानांच्या पुढे जात नाही. रात्री ती झोपली की वही उघडते आणि वहीवरच डुलक्या घेते. नवरा चांगला आहे. म्हणतो, 'लिही की, मी कुठे अडवतोय?'

गेल्या महिन्यात लेकीनं त्या चार पानांवर स्केचपेननं रेघोट्या ओढल्या. मी इतकी ओरडले की ती जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसली आणि बाहेर यायलाच तयार होईना. सासूबाई म्हणाल्या, 'अगं, पोर महत्त्वाचं की कागद?' आणि ताई, क्षणभर माझ्या मनात आलं, कागद. तेव्हापासून मला माझीच भीती वाटते. हे वेड सोडून द्यावं का? की ती मोठी होईपर्यंत थांबावं? की नोकरी सोडून पूर्णवेळ लिहायला बसावं?

— स., धायरी

प्रिय स.,

वयानं तू माझ्या भाचीएवढी, म्हणून 'तू' म्हणते. तुझं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना त्या टेबलाखाली बसलेल्या पोरीपाशी थांबले, आणि मग तिच्या आईपाशी.

आधी त्या एका क्षणाचं बोलू, कारण तो तुला आतून खातो आहे. ज्याच्या ताटात भात वाढलेला आहे, त्याची चार शितं सांडली तर तो उचलून टाकतो आणि पुढे जेवतो. ज्याच्या ताटात चारच शितं आहेत, त्याचं एक सांडलं तरी जीव कळवळतो. तुझ्याकडे साडेतीन वर्षांत चार पानं होती. तीस पानं असती, त्यातली चार रंगली असती, तर तू रागावली असतीस, पण तशी ओरडली नसतीस. मनात जे आलं ते लेकीविरुद्धचं मत नव्हतं गं. ती भूक होती. भुकेल्या माणसाला 'खाणं सोडून दे' असा सल्ला मी देणार नाही.

पण लेकीची माफी मागितलीस का? पत्रात ते नाही. मागितली नसशील तर आज माग. साडेतीन वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. 'मी ओरडले ते चुकलं. ती वही आईच्या कामाची आहे, त्यावर आपण काढायचं नाही,' एवढं पुरे. 'कामाची' हा शब्द मुद्दाम वापर. मग अप्पा बळवंत चौकातून नाहीतर कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी दोन वह्या आण, एक तिची, एक तुझी. तिची खालच्या कप्प्यात, तुझी वरच्या. आणि लिहून झालं की पानाचा मोबाइलवर फोटो काढायची सवय लाव.

आता थांबण्याविषयी. हे मला अनुभवातून सांगता येतं, कारण मी थांबले होते.

माझा मुलगा लहान असताना आम्ही सदाशिव पेठेत एका वाड्यात दोन खोल्यांत राहायचो. हे पिंपरीला कारखान्यात, पाळीचं काम. सगळ्यांना मी सांगायचे की मुलगा पहिलीत गेला की लिहीन. मनापासून सांगायचे. जून आला, तो दप्तर घेऊन गेला, मी खिडकीशी टेबल ओढून बसले. तीन तास घरात कोणी नाही. त्या तीन तासांत मी एक वाक्य लिहिलं आणि खोडलं. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानंतर मी त्या वेळात फडताळं पुसायला लागले. सहा वर्षं न लिहिल्यावर हात लिहिणं विसरतो आणि मोकळा वेळ मिळाला म्हणून तो परत येत नाही. मला रडू यायचं, पण कोणाला सांगणार? वेळ नाही म्हणून कुरकुर करणारीला आता वेळ होता.

ज्यानं हात परत आला ती गोष्ट अगदी साधी होती. वाड्यात पहाटे साडेचारला नळाला पाणी यायचं. धार बारीक, पिंप भरायला वीस-पंचवीस मिनिटं लागायची. तिथून हलता यायचं नाही, आणि भांडीकुंडी काढली तर खोलीतली दोघं उठतील म्हणून दुसरं काम करता यायचं नाही. एके दिवशी मोरीजवळच्या दिव्याखाली पाटावर बसून गुडघ्यावर वही ठेवली. पिंप रिकामं असताना पाण्याचा आवाज पोकळ, घुमणारा असतो. भरत येतं तसा तो बारीक होत वर चढतो. तो आवाज माझं घड्याळ झाला. शेवटचं बोटभर उरल्यावर मी असेन त्या शब्दावर पेन ठेवायचे, कधी वाक्याच्या मध्यावर. आणि त्यामुळेच दुसऱ्या दिवशी कुठून सुरू करायचं हे शोधावं लागत नसे. अर्ध वाक्य वाट बघत असायचं. माझी पहिली धड कथा त्या मोरीपाशी झाली.

म्हणून, लेक मोठी होईपर्यंत थांबू नकोस. ती मोठी होईल तेव्हा तुझ्याकडे वेळ असेल, पण लिहिणारी बाई असेलच असं नाही. त्या लिहिणाऱ्या बाईला आत्तापासून रोज थोडं थोडं खायला घालावं लागतं.

रात्र मात्र सोडून दे. दिवसभर ऑफिस, प्रवास, जेवणं, लेकीच्या तीन गोष्टी, आणि मग उरलेल्या चोथ्यातून कथा काढायची? नाही निघत. त्यात तुझा आळस नाही. रात्री झोप.

तुझं पिंप म्हणजे तुझी बस. नवले पुलापासून चांदणी चौकापर्यंतचा पट्टा तू आठवड्यातून तीनदा पार करतेस, सकाळी ताजी असताना, आणि कोणी तुला हाक मारत नाही. ती एक गोष्ट बायकांच्या आयुष्यात किती दुर्मिळ आहे! बसमध्ये बसलीस की मोबाइलवर कथेची फाइल उघड आणि चांदणी चौक आला की बंद कर, मग वाक्य कुठेही असो. पुढचा प्रवास डोळे मिटून, गाणी ऐकत, हवा तसा. हलत्या गाडीत स्क्रीनकडे पाहून मळमळत असेल तर लिहू नकोस, पुढचा प्रसंग मनात पूर्ण रचून ठेव, आणि उतरल्यावर ऑफिसपर्यंत चालताना फोनमध्ये बोल. मराठी बोलून टाइप होतं आता, बऱ्यापैकी नीट होतं. विरामचिन्हं आणि जोडाक्षरं नंतर दुरुस्त करावी लागतात, तेवढंच. सुरुवातीला रस्त्यात आपलीच कथा बोलायला कसंतरी वाटेल. कोणी बघत नाही. सगळे फोनवर बोलतच चाललेले असतात.

एका खेपेला दीडशे शब्द धर. तीन दिवसांचे साडेचारशे. शनिवारी दोन तास मिळाले तर आणखी पाचशे. म्हणजे तीन हजार शब्दांच्या कथेचा पहिला खर्डा महिन्याभरात उभा राहतो. त्यात लेकीला ताप येईल, रिलीजच्या आठवड्यात बसमध्येही लॅपटॉप उघडावा लागेल, पाहुणे येतील. ते आठवडे निमूट सोडून द्यायचे, पुढच्या आठवड्यात दुप्पट लिहून भरपाई करायला जायचं नाही. भरपाईच्या नादात बायका लिहिणं सोडतात, हे मी फार पाहिलं आहे. महिन्याचे दोन महिने झाले तरी साडेतीन वर्षांच्या चार पानांपुढे ते किती जास्त आहे, बघ.

शनिवारचे दोन तास कुठून येणार, हे खरं अवघड दुखणं. 'लिही की, मी कुठे अडवतोय?' हे वाक्य मला नीट ओळखीचं आहे, माझ्याही घरात होतं. माणूस चांगला असतो, मनात काही नसतं, आणि तरी त्या वाक्यानं आपल्याला एक मिनिटही मिळत नाही. अडवत नाही म्हणजे मूल सांभाळतो असं नाही. तू बहुतेक त्याच्याकडून परवानगी मागत आली आहेस, आणि ती तो दर वेळी उदारपणे देतो. परवानगी मागू नकोस. शनिवारी सकाळी आठ ते दहा माग. असं स्पष्ट, घड्याळ लावून. लेकीला घेऊन त्यानं बाहेर जायचं, तळजाईला, खडकवासल्याला, सारसबागेत, जिथे त्याला आवडेल तिथे. घरात राहून 'आईला त्रास नको देऊ' म्हणत बसला तर ती दर पाच मिनिटांनी दार वाजवणार. कुठलंही मूल वाजवेल.

आणि हे दोन तास सासूबाईंच्या गळ्यात टाकू नकोस. आठवडाभर नात त्याच सांभाळतात ना? त्यांनाही शनिवार हवा.

आपल्या पुण्यात एक गोष्ट फार चांगली आहे. घरात दहावीचं पोर असलं की टीव्हीचा आवाज आपोआप कमी होतो, आजोबा बाहेर गप्पा मारतात, पाहुण्यांना 'यंदा नका येऊ' असं सरळ सांगितलं जातं आणि कोणाला राग येत नाही. 'अभ्यास चालू आहे', या तीन शब्दांना हे गाव मान देतं. सदाशिव-नारायण पेठेतल्या कुठल्याही अभ्यासिकेत डोकावून बघ. दाराशी चपलांचा ढीग, आत एकाला एक लागून टेबलं, भिंतीला चिकटवलेली वेळापत्रकं आणि स्पर्धा परीक्षेच्या पोरांच्या वाकलेल्या माना. त्यातल्या कोणाला कोणी विचारत नाही, पुस्तक महत्त्वाचं की घर. तुझ्या लिहिण्याला घरात असं नाव नाही, असा तासही नाही. ते 'ती काहीतरी लिहीत बसते' असं आहे. म्हणून त्यावर कोणीही चालून येऊ शकतं, स्केचपेनसुद्धा. नाव तू द्यायचंस. फ्रिजवर लेकीच्या लसीकरणाचा कागद आणि दूधवाल्याचा हिशोब लावतेस, तिथेच लाव: शनिवार, ८ ते १०, आईचं लिहिणं. घरी बसून जमत नसेल तर सिंहगड रस्त्याच्या भागातही आता अशा अभ्यासिका आहेत. महिन्याचं शुल्क भर आणि त्या पोरांमध्ये जाऊन बस. मला स्वतःला अशा खोलीत फार बळ येतं. शेजारचा मान वर करत नाही, मग आपणही करत नाही.

सासूबाईंबद्दल आणखी थोडं. त्यांचा प्रश्न तुला लागला, लागणारच. पण ज्या बाईला आयुष्यात कोणी कागद दिलाच नाही, तिला तो प्रश्न पडतो. कधी दुपारी त्यांच्यापाशी बस आणि विचार, त्यांना काय करायचं होतं. विचारून ते कथेत घालायचं म्हणून नव्हे. नुसतं विचार.

तुला वाटत असेल की खरं लेखन म्हणजे बंद दाराची खोली आणि सलग महिने. आपल्या भाषेत बहुतेक बायकांनी ते असं केलंच नाही. मुळशी-मावळातल्या बायका पहाटे जात्यावर बसायच्या, मांडीवर पोर झोपलेलं, एक हात खुंट्याला, आणि दळता दळता ओवी जुळायची. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. एक लाख! ओवी लहान का, तर जात्याच्या फेऱ्यात बसते म्हणून. काम आणि मूल यांच्यामध्ये जेवढी जागा होती तेवढा आकार त्यांनी घेतला, आणि त्यात किती मावलं! पण याची दुसरी बाजूही मी तुला सांगणार, कारण जात्याचं कौतुक करणाऱ्यांना ती दिसत नाही. ज्या उतरवल्या गेल्या त्या उरल्या, बाकीच्या पिठाबरोबर गेल्या. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. मुलानं, सोपानदेवांनी, त्यांची गाणी कागदावर नेली नसती तर आपल्याला बहिणाबाई नावाची कवयित्री ठाऊकच नसती. त्यांचं पुस्तक १९५२ साली आलं आणि बहिणाबाई १९५१ सालीच गेल्या होत्या. तुला लिहिता येतं. आकार त्या बायकांकडून घे, कागद मात्र तुझा तू धर.

म्हणजे आत्ता कादंबरी नको. मनात असली तरी एका वेगळ्या वहीत टिपणं ठेव. या दोन-तीन वर्षांत कथा लिही, छोट्या, एका बैठकीत वाचून होतील अशा. कादंबरीला रोज तोच धागा पकडावा लागतो, आणि साडेतीन वर्षांचं मूल धागा तोडतंच. कथा आठ दिवस पडून राहिली तरी पुन्हा उचलता येते. इंदिरा संतांचं मला इथे नेहमी आठवतं. १९४६ साली पती गेले, पदरात लहान मुलं, बेळगावात शिक्षिकेची नोकरी, आणि त्या सगळ्यातून कविता सुटली नाही. १९८४ साली त्यांना साहित्य अकादमी मिळालं. मधली अडतीस वर्षं त्या मोकळ्या कधी होत्या?

नोकरी सोडू नकोस. इथे मी अगदी ठाम आहे. मराठी पुस्तकाची पहिली आवृत्ती हजार प्रतींची, पुष्कळदा त्याहून कमी. किंमत तीनशे रुपये आणि रॉयल्टी दहा टक्के धरली, तर सगळ्या प्रती खपल्यावर तुझ्या हातात तीस हजार रुपये येतील, तेही वर्ष-दोन वर्षांत तुकड्यातुकड्यानं. लेकीच्या शाळेची फीही त्यात निघायची नाही. पैशाची ओढाताण सुरू झाली की पहिला बळी लिहिण्याचाच जातो, आणि मग घरातले म्हणतात, यासाठी नोकरी सोडलीस? तुझ्या पगारामुळेच तू वाटेल ती कथा लिहू शकतेस, कोणाला आवडो न आवडो. ते स्वातंत्र्य फार मोठं आहे. आणि कोणी 'पैसे द्या, पुस्तक काढून देतो' म्हणालं तर नको म्हण. पहिल्या उत्साहात बायका तिथे साठवलेले पैसे घालतात आणि प्रती पलंगाखाली राहतात.

आता माघ संपत आला आहे. दिवाळी अंकांचे बरेच संपादक जून-जुलैपर्यंत साहित्य मागवतात. म्हणजे तुझ्या हातात चार महिने आहेत. मनाशी केलेला संकल्प मूल आजारी पडलं की मोडतो. बाहेरच्यानं दिलेली तारीख जास्त टिकते. गेल्या वर्षीचे दोन-तीन अंक ग्रंथालयातून आण, कोण कशा कथा छापतं ते बघ, आणि एकाच अंकाला तुझी कथा पाठव. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून चालू आहे, लक्ष्मी रस्त्यावर, लेकीलाही घेऊन जा. टिळक रस्त्यावर साहित्य परिषदेत कार्यक्रम असतात, महिन्याला एखादा जमला तर जा. लिहिणारी दुसरी चार माणसं भेटली की आपण वेडे नाही असं वाटतं. कथा परत आली किंवा उत्तरच आलं नाही, तर दुसऱ्याला पाठव. माझ्या पहिल्या कथेला तिसऱ्या ठिकाणी जागा मिळाली.

एकच काळजी घे. लेकीचे किस्से फोटोंसकट सगळीकडे टाकू नकोस. ती पंधरा वर्षांची होईल आणि ते वाचेल. कथेत तिचं काही आलं तर तिला ओळखू येणार नाही इतकं बदल. तिच्यावर नाही, तिच्याजवळ बसून लिही.

या शनिवारी नवीन काही लिहायला जाऊ नकोस. ती रंगलेली चार पानं समोर घे आणि रेघांखालून वाचत नवीन वहीत उतरव. जिथे शब्द लागणार नाही तिथे आठवून लिहू नकोस, आज सुचेल ते लिही. मला वाटतं तिथेच कथा पुढे सरकेल. जुनी पानं फाडू नकोस, वहीच्या मागच्या कव्हरात ठेव. दहा वाजता ती दोघं तळजाईहून परत आली, लेकीच्या बुटांना माती असली, आणि तू त्या अर्ध्या वाक्यावरून उठून दार उघडलंस, की मला दोन ओळी लिहून कळव.

तुझी,
ताई